लाल डबा, लाल वजन

1959 साली टोकियोतल्या एका खडूच्या कारखान्यात एक शिक्षक आले. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत ते शिकवत होते आणि शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी नोकरी शोधत होते. कारखान्याचं नाव निहोन रिकागाकु कोग्यो. 1937 मध्ये सुरू झालेली ही कंपनी शाळांना खडू पुरवायची. कॅल्शियम कार्बोनेटचा, कमी धूळ उडवणारा खडू ही तिची ओळख होती. संस्थापकांचे चिरंजीव यासुहिरो ओयामा नुकतेच कारभारात लक्ष घालू लागले होते, तिशीच्या आतले होते. त्यांनी शिक्षकांना नकार दिला.

शिक्षक पुन्हा आले, पुन्हा नकार मिळाला. तिसऱ्या खेपेला त्यांनी नोकरीचा विषयच बाजूला ठेवला. म्हणाले, या मुलींना काम मिळालं नाही तर त्या घरापासून दूर कुठल्या तरी संस्थेत जातील आणि काम करणं म्हणजे काय हे न कळताच त्यांचा जन्म जाईल. निदान काही दिवस तरी त्यांना इथे काम करू द्या. ओयामांनी दोन आठवडे कबूल केले.

पंधरा-सोळा वर्षांच्या दोन मुली आल्या. त्यांना खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. त्या इतक्या तल्लीन व्हायच्या की जेवणाची घंटा झाली तरी हात थांबत नसत, कुणीतरी खांद्याला स्पर्श करून सांगावं लागे. मुदत संपली त्या दिवशी कारखान्यातले कामगारच ओयामांकडे गेले. यांना कायम ठेवा, कुठे अडलं तर आम्ही सगळे सांभाळून घेऊ, असं त्यांनी सांगितलं. 1960 मध्ये त्या दोघी रीतसर नोकरीला लागल्या.

ही हकिगत जपानमध्ये पुष्कळदा सांगितली जाते आणि बहुतेक वेळा इथेच थांबते. मला मात्र पुढची वर्षं जास्त मोलाची वाटतात. दोन मुलींना खोक्यांपाशी बसवणं तुलनेने सोपं होतं. त्यांच्यासारखी आणखी मुलं-मुली कामावर घेत जायची, त्यांना खडू बनवण्याच्या मुख्य कामात उभं करायचं आणि तरीही खडूच्या दर्जात तसूभर फरक पडू द्यायचा नाही, हे अवघड होतं.

खडू करायचा म्हणजे भुकटी मोजून घ्यायची, त्यात चिकट द्रव्य आणि पाणी घालून ठरावीक वेळ मळायचं, तो गोळा यंत्रातून लांब कांड्यांच्या रूपात बाहेर काढायचा, कापायचा, वाळवायचा, तपासायचा. यात पावलोपावली आकडे येतात. भुकटी किती ग्रॅम, मळायचं किती मिनिटं, जाडी किती मिलिमीटर. नव्या कामगारांपैकी अनेकांना आकडे वाचता येत नव्हते, काहींना घड्याळ कळत नव्हतं. कितीही वेळा शिकवलं तरी ते जमेना. दुसऱ्या एखाद्या मालकाने इथे हात टेकले असते आणि त्याला कुणी बोल लावला नसता.

ओयामांच्या लक्षात एक गोष्ट आली. हीच मुलं रोज स्टेशनवरून एकटी चालत कारखान्यात येतात. वाटेत सिग्नल लागतात. लाल दिव्याला थांबतात, हिरव्याला रस्ता ओलांडतात, कुणी चुकत नाही. म्हणजे रंग त्यांना पक्के कळतात. मग त्यांनी भुकटीचे डबे रंगवले आणि त्या त्या डब्यासाठी नेमक्या भाराचं, त्याच रंगाचं वजन करून घेतलं. लाल डब्यातली भुकटी घ्यायची तर काट्याच्या एका पारड्यात लाल वजन ठेवायचं आणि काटा मधोमध येईपर्यंत दुसऱ्या पारड्यात भुकटी टाकत राहायची. निळ्या डब्याला निळं वजन. आकडा वाचायची गरजच उरली नाही आणि माप अचूक येऊ लागलं. मळण्याच्या वेळेसाठी वाळूचं घड्याळ आणलं. घड्याळ उलटं करायचं, यंत्र चालू करायचं, वाळू संपली की बंद करायचं. खडूची जाडी तपासायला कॅलिपर लागायचा. त्याच्या जागी खाचांचं एक साधं साधन आलं. खडू त्यावर ठेवला की जाडीत बसतो की नाही ते दिसायचं, बसत नसेल तो बाजूला काढायचा.

या तिन्ही बदलांत महागडं काहीच नाही. रंग, वजनं, वाळू, खाच पाडलेला तुकडा. दिव्यांगांना कामावर घ्यायचं म्हणजे मोठा खर्च आलाच, अशी समजूत आपल्याकडच्या मालकांतही खोलवर रुजलेली आहे. काही बाबतीत खर्च येतो हे खरं आहे. लिफ्ट बसवायची, रॅम्प बांधायचा, संगणकाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं तर पैसे मोजावे लागतात. पण ओयामांनी पैशापेक्षा कितीतरी जास्त खर्च केलं ते लक्ष. माणूस काय करू शकत नाही याची नोंद करून ते थांबले नाहीत. तो रोज सहज काय करतो हे त्यांनी पाहिलं आणि कामाची रीत त्याच्यापाशी आणून ठेवली.

आणि त्यांनी शिस्त कधी सैल सोडली नाही. कामावर घेताना चार गोष्टी कबूल करून घेतल्या जात. स्वतःचं जेवणखाण आणि स्वच्छता स्वतः सांभाळायची, साधं का होईना पण विचारलं तर उत्तर द्यायचं, मन लावून काम करायचं, इतरांना त्रास द्यायचा नाही. हे मोडलं तर त्या माणसाला घरी पाठवत. पुन्हा काम करायची इच्छा आहे असं त्याने सांगितलं की परत घेत. काहींना हे कठोर वाटेल. मला यात आदर दिसतो, कारण ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याला आपण मनातून कामगार मानलेलंच नसतं.

ओयामा स्वतः एक प्रसंग सांगत. संस्थेत राहिलं तर जेवणखाण, निवारा, सगळं आयतं मिळतं. तरी ही मुलं रोज गर्दीच्या गाडीतून कामावर का येतात, हे त्यांना उमजत नव्हतं. एका धार्मिक विधीच्या वेळी शेजारी बसलेल्या बौद्ध भिक्षूंना त्यांनी हे विचारलं. भिक्षूंनी सांगितलं की माणसाची सुखं चार: कुणीतरी आपल्यावर प्रेम करावं, कुणीतरी आपलं कौतुक करावं, आपण कुणाच्या उपयोगी पडावं, आपली कुणाला गरज असावी. यातली शेवटची तीन कामातून मिळतात. ओयामांनी हे उत्तर जन्मभर जवळ बाळगलं. 1975 मध्ये कावासाकी इथे त्यांनी नवा कारखाना उभारला, तो बौद्धिक दिव्यांग कामगार डोळ्यांसमोर ठेवूनच. 2019 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा कंपनीतले 70 टक्क्यांहून अधिक कामगार बौद्धिक दिव्यांग होते.

काम उलगडून पाहण्याची ही रीत अगदीच नवी नव्हती. तिचा एक मोठा पूर्वज डेट्रॉइटमध्ये सापडतो. मोटारकारखानदार हेन्री फोर्डने 1922 च्या आपल्या आत्मकथनात एक हिशेब दिला आहे. कारखान्यातल्या 7,882 प्रकारच्या कामांची त्याने तपासणी करवली. त्यातली फक्त 949 कामं धडधाकट, ताकदवान माणसाचीच होती. दोन्ही पाय नसलेला माणूस करू शकेल अशी 670, एक पाय असलेला करू शकेल अशी 2,637, एक हात असलेल्याची 715, दोन्ही हात नसलेल्याची 2 आणि पूर्ण अंध माणसाची 10 कामं निघाली. त्यावेळी त्याच्याकडे शारीरिक उणीव असलेले 9,563 लोक कामाला होते. त्यांतल्या बहुतेकांची उणीव किरकोळ होती, पण 234 जणांना एक पाय नव्हता आणि 37 जण मूकबधिर होते. या सगळ्यांना इतरांइतकाच पगार मिळे. एका अंध कामगाराला नट-बोल्ट मोजायला बसवलं, तर दोन दिवसांत मुकादमाची चिठ्ठी आली: या कामावरची दोन डोळस माणसं दुसरीकडे हलवा, हा एकटा तिघांचं काम उरकतो.

फोर्डच्या विचारांतल्या आणि वागण्यातल्या अनेक गोष्टी निषेधार्ह होत्या, विशेषतः ज्यूंविषयीचा त्याचा द्वेष. पण त्याची ही तपासणी आजच्या कुठल्याही कंपनीने करून पाहावी अशी आहे. एरवी नोकरीच्या जाहिरातीत 'शारीरिकदृष्ट्या सुदृढ' असं लिहून टाकतात. त्या कामाला नेमके कोणते अवयव लागतात आणि किती लागतात, याचा विचार कुणी केलेला नसतो.

ओयामांच्याच काळात जपानमध्ये आणखी एक माणूस भेटतो, डॉक्टर युताका नाकामुरा. जपानच्या क्युशू बेटावर गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं बेप्पू हे त्यांचं गाव. ते अस्थिरोगतज्ज्ञ होते. 1960 मध्ये ते इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांच्याकडे गेले. मणक्याच्या दुखापतीने कमरेखाली लुळे पडलेले रुग्ण तिथे खेळत होते, आणि बहुतेक जण काही महिन्यांत घरी आणि कामावर परतत होते. जपानमध्ये असे रुग्ण वर्षानुवर्षं खाटेवर पडून असत.

1964 मध्ये टोकियोत पॅरालिम्पिक झालं. जपानी संघाचं नेतृत्व नाकामुरांकडे होतं. परदेशी खेळाडू स्पर्धा संपल्यावर बाजारात फिरत, हसत-बोलत, कुणी वकील, कुणी कारकून, कुणी कारागीर. जपानचे 53 खेळाडू बहुतांशी रुग्णालयांतून आणि संस्थांतून आणलेले होते, नोकरी-धंदा असलेले अगदी मोजके. नाकामुरांना पदकांपेक्षा हा फरक मनाला लागला. दुसऱ्याच वर्षी, 1965 मध्ये, त्यांनी बेप्पूत 'ताइयो नो इए' म्हणजे सूर्याचं घर ही संस्था काढली. दान नको, संधी द्या, हे तिचं ब्रीद होतं.

सुरुवातीला बांबूकाम, सुतारकाम असले उद्योग चालले. त्यातून पोट भरेना. नाकामुरांना आधुनिक कारखाना हवा होता, म्हणून ते कंपन्यांचे उंबरठे झिजवत राहिले. अनेकांनी वाटेला लावलं. अखेर ओमरॉनचे संस्थापक काझुमा तातेइशी तयार झाले आणि 1972 मध्ये ओमरॉन ताइयो ही संयुक्त कंपनी उभी राहिली. टेबलांची उंची व्हीलचेअरला जुळवून घेतली, एका हाताने चालवता येतील अशी साधनं केली, सरकत्या पट्ट्यावरचं काम माणसागणिक वाटून दिलं. पहिल्याच वर्षी कंपनी नफ्यात आली. पुढे सोनी, होंडा, मित्सुबिशी, डेन्सो अशा कंपन्यांनीही संस्थेशी हातमिळवणी केली. संस्थेच्या आवारात सुपरमार्केटही आहे, तिथे व्हीलचेअरवर बसलेले कर्मचारी गल्ला सांभाळतात आणि गावातले लोक नेहमीच्या दुकानात जावं तसे तिथे जातात.

या साऱ्यामागे जपानच्या कायद्याचाही हात आहे. योगायोग असा की दोन मुली खडूच्या कारखान्यात कायम झाल्या त्याच 1960 साली शारीरिक दिव्यांगांच्या रोजगाराचा पहिला कायदा झाला. त्यात बौद्धिक दिव्यांग नव्हतेच. म्हणजे ओयामांवर कसलीही सक्ती नव्हती. दिव्यांगांना ठरावीक टक्के नोकऱ्या देण्याच्या कोट्यात बौद्धिक दिव्यांगांचा अनिवार्यपणे समावेश व्हायला 1998 उजाडलं, मानसिक आजार असलेल्यांचा व्हायला 2018. 1976 मध्ये कोटा बंधनकारक झाला तेव्हा खाजगी कंपन्यांसाठी तो 1.5 टक्के होता, एप्रिल 2024 मध्ये तो 2.5 टक्के झाला. 100 हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत कोट्यापेक्षा जितकी माणसं कमी, तितके माणशी दरमहा 50,000 येन भरावे लागतात. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नाही. कोट्यापेक्षा जास्त माणसं घेणाऱ्यांना आणि कामाच्या जागी बदल करणाऱ्यांना तो वाटला जातो. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. जो जबाबदारी टाळतो तो ती उचलणाऱ्याचा खर्च भागवतो.

पण कोटा आला की आकडा भरण्याची घाईही येते. ऑगस्ट 2018 मध्ये जपानच्या आरोग्य आणि कामगार मंत्रालयाने केंद्र सरकारच्याच खात्यांची तपासणी जाहीर केली. 33 पैकी 27 खात्यांनी मिळून 3,460 माणसं दिव्यांग म्हणून चुकीची मोजली होती. प्रमाणपत्र न पाहताच, कमी दिसतं म्हणून चष्मा लावणाऱ्यांनाही यादीत घातलेलं होतं. ज्या सरकारने खाजगी कंपन्यांकडून दंड वसूल केला, त्याच्याच कचेऱ्यांत तितक्या दिव्यांगांना जागा मिळालेली नव्हती. ही केवळ कागदावरची चूक म्हणता येणार नाही. त्या प्रत्येक खोट्या नावामागे एका खऱ्या माणसाची नोकरी गेली होती.

आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आणि सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण ठेवलं. खाजगी क्षेत्राला कोट्याची सक्ती नाही. किमान 5 टक्के दिव्यांग कर्मचारी घेणाऱ्यांना प्रोत्साहन द्यावं एवढंच कायदा म्हणतो. मात्र त्याच कायद्याचं एकविसावं कलम फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि ते खाजगी कंपन्यांनाही लागू आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण लिहून काढायचं, ते दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं आणि सगळ्यांना दिसेल असं लावायचं. 2017 च्या नियमांनुसार वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात कोणत्या जागा दिव्यांगांसाठी योग्य आहेत, निवड कशी होईल, प्रशिक्षण, बढती, विशेष रजा, साधनं यांची सोय काय, आणि या सगळ्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याकडे, हे लिहावं लागतं. वीस माणसं म्हणजे एखादं मध्यम हॉटेल, छापखाना, औद्योगिक वसाहतीतलं छोटं वर्कशॉप. तुम्ही जिथे काम करता तिथे हे धोरण आहे का, हे विचारून पाहा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

यातली जागांची यादी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती प्रामाणिकपणे करायची तर फोर्डसारखं एकेक काम उलगडून पाहावं लागतं, ओयामांसारखं कारखान्यात उभं राहून निरखावं लागतं. टेबलावर बसून केलेल्या यादीत स्वागतकक्ष, टेलिफोन आणि डेटा एंट्री यांपलीकडे काही येत नाही.

आणि आधार फक्त नव्याने येणाऱ्यांना लागतो असंही नाही. धडधाकट माणूस नोकरीत असतानाच अपघाताने, मधुमेहाने, पक्षाघाताने दिव्यांग होऊ शकतो. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका शिपायाचं प्रकरण निकाली काढलं. सरकारी सुरक्षा दलातल्या या माणसाचा पाय ड्यूटीवर दुखावला, पुढे तो कापावा लागला आणि त्याला अपात्र ठरवून घरी बसवलं गेलं. न्यायालयाने सांगितलं की दिव्यांगांविषयीच्या 1995 च्या कायद्याप्रमाणे त्याला त्याच पगारावर झेपेल अशी दुसरी जागा द्यायला हवी, आणि ती नसेल तर जास्तीची जागा निर्माण करून त्याला सामावून घ्यायला हवं. 2016 च्या कायद्याने सरकारी आस्थापनांसाठी हेच संरक्षण कायम ठेवलं. खाजगी कारखान्यातल्या कामगाराला ते इतक्या स्पष्ट शब्दांत मिळालेलं नाही, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

खडूच्या कारखान्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. जिथे बहुसंख्य कामगार दिव्यांगच आहेत, तिथे ते समाजात मिसळले असं कसं म्हणायचं? मोठ्या जपानी कंपन्या दिव्यांगांसाठी वेगळ्या उपकंपन्या काढतात आणि तिथली माणसं मूळ कंपनीच्या कोट्यात धरतात, तेव्हा तर हा प्रश्न अधिकच टोचतो. मुख्य इमारतीत दिव्यांग कुणीच नाही आणि कोटा मात्र पुरा, असं होऊ शकतं. माझ्या मते फरक पाहायचा तो तयार मालाकडे बघून. ओयामांच्या कामगारांनी केलेला खडू देशभरच्या शाळांत इतर खडूंशी स्पर्धा करून खपतो. तो दयेपोटी घेतला जात नाही. तरीही आदर्श व्यवस्था म्हणजे प्रत्येक सामान्य कारखान्यात, प्रत्येक पाळीत, दोन-चार अशी माणसं आणि त्यांच्यासाठी बदललेल्या दोन-चार रीती. ओयामांनी तशी सुरुवात दोन मुलींपासूनच केली होती.

मालकाच्या बांधिलकीचा आणखी एक भाग आहे, त्याविषयी कमी बोललं जातं. धंदाच बुडाला तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातात, आणि दिव्यांग कामगाराला दुसरी मिळणं सगळ्यांत कठीण. शाळांत पांढरे बोर्ड आणि पडदे आले, मुलांची संख्या घटली, खडूची मागणी उतरत गेली. जगभरच्या गणितज्ञांचा लाडका खडू बनवणारी हागोरोमो ही जपानी कंपनी 2015 मध्ये बंद झाली. निहोन रिकागाकुने त्याआधीच वाट शोधायला सुरुवात केली होती. होक्काइदोत स्कॅलप शिंपल्यांचे ढीग कचरा म्हणून पडून असायचे. त्यांची बारीक पूड कंपनीने खडूत मिसळायला सुरुवात केली. 2005 मध्ये 'किटपास' नावाची रंगीत कांडी बाजारात आणली. ती काचेवर, पांढऱ्या बोर्डावर उमटते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. पुढे तिच्यात तांदळाच्या कोंड्यापासून काढलेलं मेण वापरायला सुरुवात झाली. मुलं खिडक्यांवर चित्रं काढतात ती या कांड्यांनी, आणि कांड्या खोक्यांत भरतात ते कावासाकीच्या कारखान्यातले कामगार.